वाळवंटाची एकोणीस वर्षं

सुरतेच्या कापडबाजारात नवं डिझाइन फार दिवस एकाचं राहत नाही. रिंग रोडवरच्या एखाद्या गाळ्यात सकाळी साडी उलगडून दाखवली आणि तिला मागणी आली, की संध्याकाळपर्यंत तिचा फोटो दुसऱ्या कुठल्या तरी स्टुडिओत पोचलेला असतो. रात्री तिचे रंग सुटे होतात, काठ दोन बोटं रुंद होतो, पदरावरचा मोर तोंड फिरवून बसतो, आणि थोड्याच दिवसांत तीच साडी वेगळ्या नावाने, नगामागे काही रुपये कमी भावात बाजारात येते. या धंद्यात वाढलेल्या माणसाला त्यात वावगं वाटत नाही. त्यावर मिल चालते, छापणाऱ्याच्या हाताला काम मिळतं, घरं चालतात. मीही याच बाजारासाठी वर्षानुवर्षं डिझाइनं काढली. त्यामुळे नक्कल किती लवकर होते, ते माझ्या हाताला ठाऊक आहे.

या सगळ्या काळात एक प्रश्न माझ्यासोबत राहिला. नक्कल एका रात्रीत होते. मग दुसऱ्याकडे पाहिलेलं खऱ्या अर्थाने आपलं व्हायला किती वेळ लागतो? याचं उत्तर मला एका फ्रेंच चित्रकाराच्या विज्ञानकथेच्या विलक्षण चित्रमालिकेत सापडलं. त्या उत्तराची साक्ष मात्र सुरतेतच होती, कतारगाम दरवाजाजवळच्या जुन्या दफनभूमीत.

आम्ही मूळचे खानदेशातले. तापी ज्या वाटेने समुद्राकडे येते त्याच वाटेने आमची माणसं सुरतेला आली. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार करत येणाऱ्या गाडीने उधन्याला उतरायचं, आधी आलेल्या भाऊबंदांकडे पथारी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या भागांत आजही गल्लीच्या गल्ली अहिराणी बोलते. महानगरपालिकेच्या मराठी शाळा इथे आहेत; मीही अशाच एका शाळेत शिकलो. वडील लूम्सवर, काका प्रिंटिंग मिलमध्ये, आणि घरातल्या ज्या पोराचा हात चित्रात बरा असेल त्याला एखाद्या डिझाइनच्या टेबलावर बसवायचं, अशी रीत होती. तसा मी बसलो.

त्या वेळी संगणक आला नव्हता. पोस्टर कलर, शून्य नंबरचा ब्रश, ट्रेसिंग पेपर आणि खाली लाइट लावलेलं काचेचं टेबल, एवढ्यावर काम चाले. आमच्या मास्तरांनी पहिल्यांदा शिकवलं ते फूल काढायला नव्हे, जोड लपवायला. रोटरी मशीनच्या स्क्रीनचा घेर ६४ सेंटिमीटर असतो. तेवढ्या लांबीत डिझाइन बसवायचं, आणि त्याचं वरचं टोक खालच्या टोकाशी असं मिळवायचं की हजारो मीटर कापड छापलं तरी कुठे सुरुवात, कुठे शेवट हे कुणाला कळू नये. मास्तर म्हणायचे, "बाळा, वेल कुणाचीही घे. जोड दिसला की ती मेली." ते वाक्य मी तेव्हा कामाची युक्ती म्हणून ऐकलं. त्यात कलेबद्दल काही सांगितलेलं आहे हे पुष्कळ नंतर कळलं, ते तो फ्रेंच चित्रकार, मोबियस, पुस्तकांतून भेटल्यावर.

मुंबईला गेलो की फाउंटनच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायची, हा माझा ठरलेला कार्यक्रम. तिथे एकदा 'हेवी मेटल' या अमेरिकन मासिकाचा एक जुना अंक हाती लागला. त्यात 'अर्झाक' होतं. उंच, निमुळती टोपी घातलेला एक गंभीर माणूस, प्राचीन काळातल्या पंखवाल्या सरड्यासारख्या एका पांढुरक्या पक्ष्यावर बसून चाललाय. खाली ओसाड जमीन, विचित्र मनोरे, हाडं, चिखल. कुणी बोलत नाही. संपूर्ण गोष्टीत एक शब्द नाही. हा कोण, कुठे निघाला, हे जग कधीचं, काहीच सांगितलेलं नाही. तरी मी त्या पानांवर अडकलो, आणि त्याला भाषेची अडचणही नव्हती. उधन्याला वाढलेल्या खानदेशी मुलाला ते जितकं कळत होतं, तितकंच पॅरिसमधल्या वाचकालाही कळलं असणार.

हे चित्र काढणाऱ्याचं खरं नाव झाँ जिरो. जन्म ८ मे १९३८, पॅरिसजवळच्या नोजाँ-सुर-मार्न गावातला. आईवडील लहानपणीच वेगळे झाले आणि मुलगा बराचसा आजीआजोबांकडे वाढला. किशोरवयात वडिलांनी त्याच्या हाती 'फिक्स्यों' नावाचं विज्ञानकथांचं मासिक दिलं. १९५४ साली तो पॅरिसच्या द्युपेरे कलाशाळेत दाखल झाला. ही शाळा आज फॅशन आणि वस्त्रकलेच्या शिक्षणासाठी ओळखली जाते, हे वाचलं तेव्हा मला उगाचच आनंद झाला. तिथे त्याला झाँ-क्लोद मेझिएर हा आयुष्यभराचा मित्र मिळाला. पुढे 'व्हालेरियन' ही अंतराळातली चित्रमालिका काढणारा तो हाच.

शाळा मात्र पुरी झाली नाही. आईने मेक्सिकन माणसाशी लग्न केलं होतं आणि ती तिकडे राहत होती. १९५६ मध्ये जिरो तिच्याकडे गेला आणि आठेक महिने राहिला. पॅरिसच्या उपनगरात वाढलेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलाने तिथे पहिल्यांदा वाळवंट पाहिलं. ज्याला अंत नाही असं सपाट रान, वर निळं, रिकामं आभाळ, आणि मधे माणसाचं नाव नाही. त्या दृश्याने आपलं आतलं काहीतरी फुटून उघडलं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

मला थांबावंसं वाटतं ते इथे. वाळवंट पाहिलं १९५६ मध्ये. अर्झाक त्या पक्ष्यावर बसून उडाला १९७५ मध्ये. मधली एकोणीस वर्षं काय झालं?

मधे पुष्कळ मेहनत झाली. सक्तीची लष्करी नोकरी, जर्मनीत आणि अल्जीरियात. परत आल्यावर १९६१ मध्ये झिझे या नावाने प्रसिद्ध असलेल्या ज्येष्ठ बेल्जियन चित्रकाराकडे शागिर्दी. झिझेच्या 'जेरी स्प्रिंग' या काउबॉय मालिकेच्या एका भागावर शाई फिरवण्याचं काम जिरोने केलं. गुरूच्या पेन्सिलीवर शिष्याचा ब्रश, आपल्याकडे जसं मास्तरच्या स्केचवर पोरं रंग भरतात तसंच. मग ३१ ऑक्टोबर १९६३ ला 'पिलोत' साप्ताहिकात 'ब्लूबेरी' सुरू झालं. लेखक झाँ-मिशेल शार्लिए, चित्रं जिरोची, खाली सही 'जिर'. अमेरिकन घोडदळातला एक बेशिस्त लेफ्टनंट, त्याचा चेहरा सुरुवातीला नट झाँ-पॉल बेल्माँदोवरून घेतलेला. त्यात वाळवंट आलं, पण ते गोष्टीच्या मागे उभं राहिलेलं वाळवंट होतं. घोड्यांच्या टापांखालचं, गोळीबाराच्या पल्ल्यातलं. काउबॉयच्या गोष्टीला जसं लागतं तसं.

त्याच सुमारास एक दुसरी सही उगवली होती. 'हाराकिरी' या मासिकात विक्षिप्त, काळ्या विनोदाच्या गोष्टी काढताना त्याने 'मोबियस' हे नाव घेतलं. गणितातल्या मोबियस पट्टीवरून. कागदाची पट्टी घ्या, एक पीळ द्या, टोकं जोडा. आता तिला दोन बाजू राहत नाहीत, बोट फिरवत गेलात तर आत आणि बाहेर एकच होऊन जातं. थोडे दिवस ते नाव वापरून त्याने ते बाजूला ठेवलं. दहाएक वर्षं फक्त जिर काम करत राहिला, आणि मोबियस आत वाट पाहत राहिला.

डिसेंबर १९७४ मध्ये जिरो, फिलिप द्रुइये, झाँ-पिएर दियोने आणि बर्नार फारकास यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि १९७५ च्या सुरुवातीला 'मेताल उर्लां' हे मासिक आणलं. 'हेवी मेटल' हे त्याचंच पुढे निघालेलं अमेरिकन भावंड. आता कुणी संपादक म्हणणार नव्हता की काउबॉय हवा, शेवटी न्याय व्हायला हवा, पानावर संवाद हवेत. मोबियस बाहेर आला, आणि आला तो वाळवंट घेऊन. अर्झाकमध्ये ते गोष्टीच्या मागे नाही, तेच गोष्ट आहे. माणूस त्यावरून नुसता जातो. १९५६ मध्ये जे डोळ्यांनी पाहिलं ते ब्लूबेरीत हातात आलं आणि अर्झाकमध्ये मनाच्या आतून परत आलं. वाळवंटाला एवढा लांबचा रस्ता तोडावा लागला.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे पटकन समजेल. कापडावर छापलेला रंग मशीनमधून निघताना ताजा, झळझळीत दिसतो, पण तो अजून कापडाचा झालेला नसतो. त्याला वाफेवर धरावं लागतं. भर उष्णतेत रंग धाग्याच्या आत शिरतो, मग धुवून सुकवल्यावर जो उरतो तोच खरा. वाफ न देता धुतलेल्या साडीचा रंग पाण्यात जातो. पाहिलेलं आणि आवडलेलं सगळंच आपल्यावर असंच छापलं जातं. त्यावर जगण्याची वाफ बसली तर ते आपलं होतं, नाहीतर पहिल्या धुण्यात निघून जातं.

१९७६ मध्ये मोबियसने 'मेताल उर्लां'त आणखी एक मालिका सुरू केली. फ्रेंचमध्ये 'ल गाराज एर्मेतीक', इंग्रजीत 'द एअरटाइट गॅरेज'. विज्ञानकथेच्या चित्रमालिकांत इतकी स्वप्नासारखी वागणारी दुसरी मालिका मला माहीत नाही. सुरुवात झाली ती गंमत म्हणून काढलेल्या दोन पानांनी. दियोने यांनी ती छापली आणि पुढची मागितली. कथानक ठरलेलं नव्हतं. दर महिन्याला अंकाची वेळ आली की मोबियस काही पानं काढून द्यायचा आणि पुढे काय होणार हे त्यालाही पुढच्या महिन्यात कळायचं. असं १९७९ पर्यंत चाललं. एका लघुग्रहाच्या पोटात मेजर ग्रुबेर नावाच्या गृहस्थाने एकावर एक अशी अनेक जगं रचून ठेवली आहेत, आणि जेरी कॉर्नेलियस नावाचा पाहुणा त्यांत शिरला आहे. एवढं सांगता येतं. बाकी दारामागे दार, एका जगाच्या छतावर दुसऱ्याची जमीन. एक पान काउबॉयच्या चित्रकथेसारखं, दुसरं अमेरिकन सुपरहिरोसारखं, तिसरं नुसतं हसवणारं. कुठे झिझेचा ठाम ब्रश, कुठे गुस्ताव डोरेच्या कोरीव चित्रांत असते तशी बारीक रेघांची जाळी, कुठे 'मॅड' मासिकाचा वात्रटपणा. ज्याच्याकडून जे घेतलं ते लपवलेलं नाही. आणि तरी कुठेही जोड दिसत नाही. आमच्या मास्तरांना ही पानं दाखवता आली असती तर ते बराच वेळ काही बोलले नसते.

या मालिकेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जेरी कॉर्नेलियस हे पात्र मोबियसचं नाही. ते इंग्रज लेखक मायकेल मूरकॉक यांचं. मूरकॉक यांनी इतर लेखकांना ते वापरायची मोकळीक दिली होती. मोबियसने ते घेतलं आणि मालिकेच्या मूळ नावातच घातलं: 'जेरी कॉर्नेलियसचं हवाबंद गॅरेज'. उसनं घेतलं ते दाराच्या पाटीवर लिहून. पुढे काही आवृत्त्यांत ते नाव बदलावं लागलं, पण चित्रकाराने आपल्या बाजूने ऋण उघड्यावर ठेवलं होतं.

इतकं वाचल्यावर मला माझं लहानपण वेगळ्या नजरेने दिसू लागलं. आमच्या पिढीला विज्ञानकथेची चित्रं पहिल्यांदा दाखवली ती 'इंद्रजाल कॉमिक्स'ने. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघायची. वेताळ त्यातला राजा, पण मला ओढ असायची ती जादूगार मॅन्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन यांच्या अंकांची. दोघेही मूळचे १९३४ चे अमेरिकन. मॅन्ड्रेकने हात हलवला की पिस्तुलाचं फूल व्हायचं, भिंत वितळायची. फ्लॅश गॉर्डन मोंगो ग्रहावरच्या तरंगत्या शहरांतून पळायचा. गल्लीतली पोरं हे अंक भाड्याने आणून, पानं सुटेपर्यंत फिरवायची. मुखपृष्ठं गोविंद यांनी रंगवलेली असत, आणि परदेशी नायकांच्या त्या चित्रांत कुठेतरी आपल्याकडच्या सिनेमाच्या पोस्टरचा उजेड असायचा. तेव्हा तो जाणवत होता, सांगता येत नव्हता.

याच इंद्रजालमध्ये १९७६ साली 'बहादूर' आला. भगवा कुर्ता, खाली जीन्स, चंबळच्या मुलखातला डाकूचा मुलगा, जो पुढे डाकूंविरुद्धच उभा राहतो. तो घडवला आबिद सुरती यांनी. त्यांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्यांच्या लहानपणी, मुंबईत गोऱ्या सैनिकांना घेऊन जाणाऱ्या गाडीमागे मुलं खाऊसाठी धावत. एकदा कुणी तरी एक कॉमिक फेकलं. सगळी पोरं त्यावर तुटून पडली आणि आबिदच्या हाती आलं एक फाटकं पान. त्यावर मिकी माउस होता. ते पान बघून, गिरवून, हा मुलगा चित्र काढायला लागला. त्या फाटक्या पानापासून बहादूरपर्यंत तीसेक वर्षं गेली. बहादूरमध्ये मिकी माउस शोधू गेलात तर सापडणार नाही. चौकटीतून गोष्ट पुढे नेण्याचा तो पहिला आनंद मात्र त्यात नक्की आहे.

पुण्याच्या प्रताप मुळीक यांचंही मला असंच वाटतं. 'अमर चित्र कथा'साठी पुराण आणि इतिहास रंगवून त्यांचा हात बसलेला. मग १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा 'नागराज' आला आणि त्याचा पहिला अंक त्यांनी काढला. अंगात साप वागवणारा, एका शास्त्रज्ञाने हत्यार म्हणून वाढवलेला माणूस. कल्पनेत अमेरिकन सुपरहिरो आणि आपली इच्छाधारी नागाची कथा, दोन्ही आहेत. मुळीकांच्या हातून तो उतरला तेव्हा त्याची छाती आणि उभं राहणं पुराणातल्या वीराचं झालं. हिंदी पट्ट्यातल्या लाखो मुलांनी जो नायक आपला मानला, त्याला पहिलं रूप एका मराठी हाताने दिलं, आणि त्या हातामागे पौराणिक चित्रांची कित्येक वर्षं उभी होती.

आता ती दफनभूमी. सुरतेला येणारे पाहुणे किल्ला बघतात, डुमसला जातात, साड्या घेतात. इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत क्वचितच कुणी जातं. तिथे ऑक्झेंडन बंधूंचा मकबरा आहे. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, थोरला सर जॉर्ज १६६९ मध्ये. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख हाच जॉर्ज ऑक्झेंडन होता, त्यामुळे मराठी वाचकाला नाव ओळखीचं वाटेल. मकबरा पाहिला तर इंग्रजाचा वाटत नाही. दोन मजली, कमानी, खांब, वर घुमट. इथल्या सुलतानांच्या आणि सरदारांच्या कबरींवर असतो तसा थाट. जवळच डचांची दफनभूमी आहे. तिथे 'हॉर्टस मलबारिकस' हा केरळच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हेंड्रिक फान ऱ्हीड याचं थडगं आहे. तो १६९१ मध्ये वारला. आयुष्य कापूस, नीळ आणि मसाल्याच्या हिशोबात गेलेल्या या परक्या माणसांनी इथले घुमट रोज पाहिले आणि मरताना ते आपल्यावर उभारून घेतले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या जागेत मोबियसच्या एखाद्या पानात शिरल्यासारखं वाटलं. दोन जगं एकमेकांत मिसळलेली, आणि कुणी काही समजावून सांगत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १६८३ मध्ये जॉन व्हॅनब्रू नावाचा तरुण इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीवर सुरतेला आला. दोनेक वर्षं राहिला आणि परत गेला. तिकडे तो आधी नाटककार झाला, मग वास्तुकार. कॅसल हॉवर्ड आणि ब्लेनहाइम पॅलेस हे इंग्लंडमधले दोन भव्य वाडे त्याचे. १७११ मध्ये लंडनमध्ये पन्नास नवी चर्चं बांधायचं ठरलं तेव्हा त्याने एक टिपण लिहिलं. मृतांना चर्चच्या आत पुरू नये, गावाबाहेर मोकळ्या जागेत, झाडांच्या सान्निध्यात, सुंदर स्मारकं बांधून पुरावं, असं त्याचं म्हणणं होतं. आणि नमुना म्हणून त्याने दाखवली ती सुरतेतली इंग्रजांची दफनभूमी. सोबत त्या जागेचं हाताने काढलेलं चित्र जोडलं. सुरत सोडून त्याला पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. पुढे कॅसल हॉवर्डच्या आवारात निकोलस हॉक्समूरच्या आराखड्याने घुमटाचा भव्य मकबरा उभा राहिला. त्या कल्पनेमागे व्हॅनब्रूच्या सुरतेच्या आठवणी आहेत, असं काही अभ्यासक मानतात.

गुजरातच्या कारागिरांकडून इंग्रज व्यापाऱ्यांकडे, त्यांच्या थडग्यांवरून एका तरुण कारकुनाच्या डोळ्यांत, आणि तिथून पाव शतकाने लंडनच्या कागदावर. या साखळीत कुणी कुणाचं चोरलं नाही. प्रत्येकाने पाहिलं, सोबत नेलं, तो त्यासोबत जगला, आणि वेळ आली तेव्हा ते त्याच्या हातून बाहेर आलं. व्हॅनब्रूने तर सुरतेचं नावही लिहून ठेवलं.

मोबियसकडूनही असंच पुढे गेलं. १९७५ च्या सुमारास आलेहांद्रो होदोरोव्स्की यांनी 'ड्यून' या कादंबरीवर प्रचंड सिनेमा करायचा घाट घातला. त्यासाठी मोबियसने शेकडो चित्रं काढली आणि सिनेमा झालाच नाही. ती कल्पनांची रास दोघांनी फेकली नाही. १९८० पासून निघालेल्या 'इंकाल' या चित्रमालिकेत ती जिवंत झाली. डॅन ओबॅनन यांच्यासोबत १९७६ मध्ये काढलेल्या 'द लाँग टुमॉरो'तल्या कोंदट, उंच, अनेक मजली शहराची छाया रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर'वर पडली. तिकडे जपानमध्ये हायाओ मियाझाकी यांच्या हाती अर्झाक पडलं. त्यांच्या 'नाउसिका'मधली ओसाड पृथ्वी आणि वाऱ्यावर एकटी उडणारी मुलगी त्या प्रभावातून आली, हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितलं आहे. मोबियसने आपल्या मुलीचं नाव नाउसिका ठेवलं. २००४ मध्ये पॅरिसला दोघांच्या चित्रांचं एकत्र प्रदर्शनही भरलं. ज्याच्याकडून घेतलं तोच घेणाऱ्याचा चाहता झाला, असं क्वचित घडतं. ते घडू शकलं, कारण मियाझाकींनी अर्झाकची रेघ घेतली नाही. त्यांनी ते एकटं उडणं घेतलं आणि त्यावर आपली झाडं, आपले किडे, आपली काळजी चढवली.

झाँ जिरो १० मार्च २०१२ रोजी पॅरिसमध्ये वारले. आज संगणकाला सांगितलं की मोबियसच्या शैलीत वाळवंट काढ, तर काही क्षणांत ते समोर येतं. फिकट गुलाबी आभाळ, बारीक रेघा, एकटा प्रवासी, सगळं असतं. आमच्या स्टुडिओंतली मुलंही आता याच वाटेने फुलं, मोर आणि जाळ्या काढून घेतात. मी त्यांना दोष देत नाही. शेठला उद्या सकाळी माल हवा असतो आणि मुलाला महिन्याला पगार हवा असतो. पण हे यंत्र काय देतं आणि काय देऊ शकत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. यंत्र वाळवंटाची रेघ देतं; वाळवंट पाहिलेला अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याची पुढची एकोणीस वर्षं ते देत नाही. ती वर्षं वजा केली की उरते ती आमच्या बाजाराला फार पूर्वीपासून येत असलेली गोष्ट, म्हणजे नक्कल, फक्त आणखी वेगाने केलेली.

माझं मत आता पक्कं झालं आहे. प्रभाव आणि नक्कल यांत फरक असतो तो काळाचा आणि कबुलीचा. जे घेतलं ते आपल्यात किती वर्षं राहिलं, आणि कुणाकडून घेतलं हे आपण सांगतो का, या दोन प्रश्नांची उत्तरं प्रामाणिक असतील तर घेण्यात कमीपणा नाही. मोबियसने वाळवंटाकडून, झिझेकडून, मूरकॉककडून घेतलं. व्हॅनब्रूने सुरतेकडून घेतलं. जगात कुणीच कोऱ्या हाताने चित्र काढत नाही.

म्हणून सुरतेत डिझाइनच्या टेबलावर बसलेल्या मुलामुलींना, विशेषतः लिंबायत-उधन्यातून येणाऱ्या आपल्या मराठी पोरांना, माझं एक सांगणं आहे. बाजारासाठी जे काढावं लागतं ते काढा, त्यात लाज नाही. पण एक वही फक्त स्वतःची ठेवा. रविवारी कतारगाम दरवाजाजवळच्या त्या घुमटांखाली जाऊन बसा, गावी गेलात की तापीचं कोरडं पात्र बघा, जे भिडेल ते वहीत उतरवा आणि कुठून घेतलं ते शेजारी लिहा. ते लगेच साडीवर आणायची घाई करू नका. काही वर्षांनी, तुम्हाला न विचारता, ते तुमच्या हातून निघेल, आणि ते तुमचंच असेल.